नाईलपुढे हरलेले इब्न अल-हैसम आणि आमच्या घरातला काचबिंदू

आमच्या घरात इब्न अल-हैसम यांचं नाव नीट घेतलं गेलं ते बडे अब्बांचा उजवा डोळा गेल्यानंतर.

बडे अब्बा भंडाऱ्याचे. उमर पितळी भांड्यांच्या दुकानात गेली. सत्तरीतही चष्मा लावून कुरआन शरीफची तिलावत अडखळत नसे, म्हणून त्यांच्या नजरेत काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. पण ते मशिदीच्या पायरीला ठेचाळू लागले. सफमध्ये उभे राहताना शेजारच्याला धक्का लागे. बाजूने कुणी सलाम केला तर पूर्ण मान वळवेपर्यंत जवाब येत नसे, आणि लोक म्हणू लागले की हाजीसाहेबांना आता गुरूर आला. एका ठिकाणी दाखवलं तेव्हा मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू, असं सांगितलं गेलं. आम्ही दोन वर्षं तो पिकण्याची वाट पाहिली. मोतीबिंदू होताही थोडासा, पण खरा चोर वेगळाच होता. नागपूरला बाहुली मोठी करून आतली नस पाहिली तेव्हा कळलं की हा काचबिंदू, ग्लॉकोमा, ज्याला आपल्याकडे काला मोतिया म्हणतात. उजवी नस बहुतेक वाळली होती. डावी अर्धी.

त्याहून चमत्कारिक म्हणजे डोळ्याचा दाब मोजला तर तो साधारण लोकांच्या मर्यादेतच निघाला. मग नस वाळली कशाने? तिथे आम्हाला पहिल्यांदा समजलं की डोळ्याच्या मागून, मेंदूच्या बाजूनेही पाण्याचा एक दाब असतो आणि त्याचा या आजाराशी संबंध असावा असा शोध चालू आहे. परतीच्या बसमध्ये उर्दू शाळेत शिकणाऱ्या नातवाने विचारलं की डोळ्याचा अभ्यास करणारे ते आपले इब्न अल-हैसम, त्यांनी याबद्दल काय लिहिलंय? आम्हाला जवाब देता आला नाही. कॅलेंडरवर, जलशात, भाषणात त्यांचं नाव आम्ही शंभरदा ऐकलं होतं, पण त्यांची हयात आम्हाला ठाऊक नव्हती. ती मग जमेल तशी वाचत गेलो.

त्यांचं पूर्ण नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. जन्म साधारण इसवी सन 965, म्हणजे हिजरी 354 च्या सुमारास, बसरा शहरात. युरोपच्या पुस्तकांत जो अल्हाझेन भेटतो तो हाच. अल-हसनचं लॅटिन जिभेवर झालेलं रूप. गणित, खगोल, उजेड, आरसे, भिंगं यांवर त्यांनी इतकं लिहिलं की जुन्या चरित्रकारांनी दिलेल्या याद्यांत नव्वदच्या वर नावं आहेत. त्यांतली पन्नासच्या वर पुस्तकं आणि रिसाले आज उपलब्ध आहेत. काही अभ्यासक म्हणतात की या याद्यांत एकाच नावाच्या दोन माणसांचं काम मिसळलं आहे. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आपल्या गोष्टीला त्याने फरक पडत नाही.

बसऱ्यात असताना त्यांनी कुठंसं म्हटलं की मी मिसरमध्ये असतो तर नाईल नदीचा असा बंदोबस्त केला असता की पूर असो वा पाणी कमी असो, दोन्ही वेळी ती लोकांच्या उपयोगी पडली असती. ही बात काहिऱ्याला पोचली. तिथे फातिमी खलिफा अल-हाकिम गादीवर होता. इल्मचा शौकीन, 1005 मध्ये त्याने काहिऱ्यात दार-अल-इल्म उघडलं, म्हणजे ग्रंथालय आणि विद्यापीठ एकाच छताखाली. पण मिजाज असा की आज मेहरबान आणि उद्या जल्लादाला बोलावणं. त्याने इब्न अल-हैसमना बोलावून घेतलं. शहराबाहेर खंदक नावाच्या गावापर्यंत स्वतः त्यांच्या स्वागताला आला, मानाने ठेवून घेतलं आणि मग नदीचं वचन आठवण करून दिलं.

आम्ही वैनगंगेच्या काठचे लोक. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी 1988 साली झाली तेव्हापासून नदी अडवणं म्हणजे काय, त्यात किती वर्षं, किती गावं आणि किती घरं जातात, हे भंडारा जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. तेहतीस दरवाज्यांचं ते धरण बघताना माणूस गप्प होतो. इब्न अल-हैसम मात्र दहाव्या-अकराव्या शतकात, लोखंड-सिमेंटच्या जमान्याआधी, कारागिरांची तुकडी घेऊन नाईलच्या उलट दिशेने दक्षिणेला निघाले. वाटेत त्यांना जुन्या मिसरी लोकांची मंदिरं आणि इमारती दिसत गेल्या, मापात एक बोटाचाही फरक नसलेल्या. आणि त्यांच्या मनात आलं की ज्या लोकांना एवढं येत होतं, त्यांना नदी बांधणं शक्य असतं तर त्यांनी ती बांधली नसती का? अस्वानच्या जवळ जनादिल नावाची जागा आहे, जिथे नदी खडकांतून उतरते. तिथे पोचून दोन्ही काठ पाहिले, आणि आपली योजना चालणार नाही हे त्यांनी कबूल केलं. त्याच अस्वानला पहिलं धरण 1902 मध्ये झालं आणि मोठं धरण 1970 मध्ये पुरं झालं.

आमच्या मते त्यांच्या हयातीतला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, आणि जलशात तो घाईने उरकला जातो कारण त्यात हार आहे. त्यांनी खलिफासमोर जाऊन चूक सांगितली. ज्याच्यासमोर सांगितली त्याचा स्वभाव पाहता ही साधी गोष्ट नव्हती. अल-हाकिमने वरकरणी माफी स्वीकारली आणि त्यांना दफ्तरातलं एक काम दिलं. त्यांनी ते घेतलं, खुशीने नव्हे, भीतीने. रोज अशा माणसाच्या नजरेखाली बसायचं जो कोणत्या क्षणी काय करील याचा नेम नाही. शेवटी त्यांनी वेड लागल्याचं सोंग घेतलं. वेड्याला शरियत जबाबदार धरत नाही. त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, देखरेखीला माणूस नेमला गेला आणि ते घरातच कैद झाले. 1021 मध्ये एका रात्री अल-हाकिम मुकत्तमच्या टेकड्यांकडे फिरायला गेला तो परतलाच नाही. त्याच्या मरणाची खात्री झाली तसे इब्न अल-हैसम शहाणे झाले, बाहेर पडले आणि जामिया अल-अझहरच्या जवळ राहू लागले.

इथून पुढचं त्यांचं आयुष्य आम्हाला विशेष आवडतं. दरबार नाही, पगार नाही. चरित्रकार इब्न अल-किफ्ती लिहितो की ते वर्षाला तीन ग्रंथांची नक्कल आपल्या हाताने करीत: युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा अल-मजिस्ती, आणि या दोहोंच्या मधे शिकायची पुस्तकं. ती दीडशे दिनारला विकली जात, दरात घासाघीस नाही, आणि तेवढ्यात त्यांचं वर्ष निघे. बाकी वेळ स्वतःच्या कामाला. नक्कल करणाऱ्या हातानेच त्यांनी टॉलेमीवर शंका घेणारी किताबही लिहिली. मोठ्यांनी लिहिलंय म्हणून ते खरं, असं समजू नका, आणि तपासणाऱ्याने स्वतःवरही शक घ्यावा, हा तिचा रोख.

किताब अल-मनाझिर, सात भागांचा त्यांचा मोठा ग्रंथ, कैदेत लिहिला असं लोकप्रिय गोष्टींत असतं. ऐकायला ते छान वाटतं. बारकाईने तपासणारे अभ्यासक तो सुटकेनंतरच्या वर्षांतला मानतात. कुठेही लिहिलेला असो, त्याने पाहण्याबद्दलची समजूत बदलली. त्याआधी युक्लिड आणि टॉलेमी मानत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, आंधळा काठीने चाचपडतो तसे. इब्न अल-हैसमनी साधे प्रश्न विचारले. सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो, तो का? किरण आपलेच असतील तर त्यांनी आपल्याला का दुखवावं? भगभगीत उजेडाकडे बघून नजर अंधारात वळवली तरी तो उजेड थोडा वेळ दिसत राहतो, तो कुठून? उजेड बाहेरून येतो, वस्तूवर आपटून सगळ्या दिशांना पसरतो आणि डोळ्यात शिरतो, हे त्यांनी अंधारी खोली, बारीक भोक, एकापेक्षा जास्त दिवे अशा प्रयोगांतून दाखवलं. कुणीही घरी करून बघावेत असे प्रयोग. नातवाने केलेही. दार बंद, खिडकीला पुठ्ठा, पुठ्ठ्याला खिळ्याचं भोक, आणि समोरच्या भिंतीवर उलटं झालेलं आमचं अंगण.

डोळ्याच्या रचनेत मात्र त्यांनी जुन्या हकीमांचं, मुख्यतः जालिनूस म्हणजे गॅलेनचं, ज्ञान घेतलं. पडदे, पुढचं पातळ पाणी, स्फटिकासारखा मणी, मागचा काचेसारखा द्रव. प्रत्येक डोळ्यातून एक नस निघते, दोन्ही नसा मध्ये एकमेकींना मिळतात आणि मेंदूकडे जातात. ती नस आतून पोकळ आहे आणि मेंदूच्या पुढच्या पोकळीतून नजरेची रूह तिच्यातून डोळ्यापर्यंत वाहते, असं तेव्हा मानलं जाई. प्रतिमा मण्यावर उमटते असं इब्न अल-हैसम मानत, तेही चुकीचं होतं. ती मागच्या पडद्यावर उमटते हे केप्लरने 1604 मध्ये सांगितलं, पण त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता किताब अल-मनाझिरच्या लॅटिन तर्जुम्यावरूनच गेला होता.

काचबिंदूबद्दल त्यांनी काही लिहिलं का, या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. ते कह्हाल, म्हणजे डोळ्यांचे हकीम, नव्हते. ते काम त्याच काहिऱ्यात, त्याच अल-हाकिमच्या काळात, अम्मार इब्न अली अल-मौसिली करीत होते, जे पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून गेले. बगदादमध्ये अली इब्न ईसा होते. या हकीमांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: डोळ्यात पाणी उतरलेल्या प्रत्येकाला सुई लावायची नाही. आधी एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याची बाहुली मोठी होते का बघायचं. हलली नाही, तर वाट आत नसेतच बंद आहे, सुईने नजर परत येणार नाही. आम्ही हे वाचलं आणि दोन वर्षं मोतीबिंदू पिकायची वाट पाहिल्याचं दुःख पुन्हा वर आलं. हजार वर्षांपूर्वीचा कह्हाल हात लावण्याआधी नसेचा विचार करीत होता.

पोकळ नस आणि मेंदूतून वाहत येणारी रूह वाचली की आपल्यातल्या काहींना लगेच म्हणावंसं वाटेल की बघा, आजचं विज्ञान सांगतंय ते आपल्या बुजुर्गांना माहीतच होतं. आम्हालाही क्षणभर वाटलं. पण ते खरं नाही, आणि टॉलेमीवर शंका घेणाऱ्या माणसाला ते आवडलंही नसतं. नस पोकळ नाही. तिच्यात दहा लाखांहून जास्त बारीक तंतू आहेत आणि तिच्यातून रूह वाहत नाही. पाणी आहे, पण ते नसेच्या आत नाही. ते तिच्या भोवती आहे. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या निर्मळ पाण्यात तरंगतात, तेच पाणी नसेच्या आवरणाखालून थेट डोळ्याच्या पाठीपर्यंत येऊन थांबतं. मोठ्या माणसात ते एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसाला साधारण अर्धा लिटर नवं तयार होतं, म्हणजे ते सतत फिरत आणि बदलत असतं.

आता डोळ्याच्या आत या. भंडारा तलावांचा जिल्हा, म्हणून हे तलावावरून सांगतो. आपल्या मालगुजारी तलावाला जसं एकीकडून पाणी येतं आणि तुडुमातून सुटतं, तसं डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून बाहेर पडतं. तुडुम चोंदलं की तलाव फुगतो. डोळ्याचा दाब वाढतो तो असा. साधारण 10 ते 21 ही पाऱ्याच्या मिलिमीटरमधली मर्यादा धरतात. वाढलेला दाब मागे जिथे नस डोळ्याबाहेर पडते तिथे बसतो. तिथे एक चाळणीसारखा नाजूक पडदा आहे, तंतू त्याच्या भोकांतून जातात. चाळणी मागे वाकली की तंतू पिळले जातात आणि मरतात.

पण पाळीवर किती जोर येतो हे एका बाजूच्या पाण्यावरून ठरत नाही. पलीकडेही पाणी असेल तर पाळ टिकते, पलीकडे कोरडं असेल तर तेवढ्याच पाण्याने ती वाकते. चाळणीच्या पलीकडे मेंदूचं पाणी आहे. त्याचा दाब कमी असेल तर डोळ्याचा दाब मर्यादेत असूनही दोहोंमधला फरक मोठा होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये जुने कागद तपासले. इतर कारणांसाठी ज्यांच्या कण्यातलं पाणी काढून दाब मोजला होता, त्यांत काचबिंदू असलेल्यांचा दाब इतरांपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी निघाला. पुढे बीजिंगच्या अभ्यासात बडे अब्बांसारख्या, डोळ्याचा दाब मर्यादेत असलेल्या रुग्णांतही मेंदूचा दाब कमी दिसला.

आणि तिसरा अभ्यास तर आपल्या शेजारचा. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तीस वर्षांवरच्या 4711 लोकांची तपासणी केली. शेतकरी, मजूर, आपल्यासारखेच लोक. 2013 मध्ये त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, कोन उघडा असलेल्या काचबिंदूचा संबंध नुसत्या डोळ्याच्या दाबापेक्षा चाळणीच्या दोन बाजूंमधल्या फरकाशी जास्त लागतो. कोन बंद होणाऱ्या प्रकारात मात्र डोळ्याचा दाबच मुख्य. यातली एक बाब लपवू नये: इथे मेंदूचा दाब सुई टोचून मोजला नव्हता. वय, वजन-उंची आणि रक्तदाब यांवरून हिशेबाने काढला होता. म्हणून हा अंदाज आहे. मेंदू आपला कचरा या पाण्यातून धुऊन काढतो हे 2012 मध्ये उंदरांत दिसलं, आणि 2020 मध्ये डोळ्याच्या नसेतही तशीच वाट उंदरांत सापडली. ती वाट तुंबल्याने नस मरते का, यावर काम सुरू आहे. कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता येईल अशी वेळ आलेली नाही. वय, घराणं, जास्त नंबरचा मायनस चष्मा, नसेचा रक्तपुरवठा, डोळ्याला लागलेला मार, सगळं त्यात आहे. मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घातलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्सही आहेत. खाज सुटली की तीच बाटली घरभर फिरते, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलंय.

मेंदूचा दाब रक्तदाबाबरोबर कमी-जास्त होतो असं वाचून आमच्या एका चाचांनी बीपीची गोळी सोडायची भाषा केली. तसं कुणी करू नये. कण्यातलं पाणी तपासून घ्यायलाही कुणी धावू नये, काचबिंदूच्या नेहमीच्या तपासणीत ते येत नाही. आज डॉक्टरांच्या हातात आहे ते डोळ्याचा दाब खाली आणणं: ड्रॉप्स, लेझर, ऑपरेशन. दाब मर्यादेत असला तरी तो आणखी उतरवला की उरलेली नस जास्त टिकते. गेलेली नजर परत येत नाही. डोळा अचानक लाल होऊन दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते.

इब्न अल-हैसम साधारण 1040 मध्ये, हिजरी 430 नंतर लवकरच, काहिऱ्यात वारले. किताब अल-मनाझिरची आज उरलेली सर्वांत जुन्या नकलांपैकी एक इस्तंबूलच्या ग्रंथालयात आहे, हिजरी 476 म्हणजे 1083 ची. ती त्यांच्या जावयाच्या हातची आहे. तिच्यातल्या एका पानावर दोन डोळे काढलेत, मध्ये नाक, आणि डोळ्यांमागून निघून एकमेकींना मिळणाऱ्या दोन नसा. इराणच्या कमालुद्दीन फारिसींनी तीनशे वर्षांनी या ग्रंथावर टीका लिहिली, चुका दुरुस्त केल्या, इंद्रधनुष्य उलगडलं. युरोपात तो 1572 मध्ये बासलला छापला गेला. 2003 च्या इराकी दहा हजार दिनारच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, अर्थात कल्पनेने काढलेला.

ते चित्र आम्ही बडे अब्बांना मोबाइलवर मोठं करून दाखवलं. सरळ समोर धरलं तेव्हा दिसलं. त्यांनी बोट फिरवत नस कुठे मिळते ते शोधलं आणि विचारलं की आपली यात कुठली गेली. आम्ही दाखवली. घराण्यात असेल तर भावंडांना आणि मुलांना धोका जास्त, म्हणून त्या महिन्यात चाळिशीच्या वरचे आम्ही सात जण नागपूरला जाऊन नस तपासून आलो. बडे अब्बांच्या धाकट्या भावात सुरुवात निघाली. त्यांची नजर अजून पूर्ण आहे. इशाच्या नमाजनंतर ते ड्रॉप घालतात, आणि विसरले तर नातू आठवण करून देतो.